पंधरा फुटांचा बाजार

मोठमोठ्या चित्रांना फ्रेम करणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं दुःख कोणतं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच सांगून टाकतो. त्याला चित्र दिसत नाही.

लोक दहा पावलं मागे जातात, मान तिरकी करतात, "वा!" म्हणतात. त्या वेळी मी चित्राच्या खालच्या कोपऱ्याशी उकिडवा बसलेला असतो, तोंडात खिळे धरून. मला दिसतो एखाद्या ढगाचा तुकडा, नाहीतर बैलाचा खूर. आमच्या सुनंदाने एकदा पाहुण्यांना सांगितलं, "यांनी इतकी चित्रं लावली, पण एकाचंही तोंड ओळखायचे नाहीत. पाठ मात्र लगेच ओळखतील." पाहुणे हसले. मीही हसलो, पण खरं होतं म्हणून जरा कमी हसलो.

नाशकात आमचा एक गाळा आहे. मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडे माझी फ्रेमची दुकानदारी, पलीकडे सुनंदाचं साड्यांना फॉल-पिको. गिऱ्हाइकांची गर्दी पलीकडे. अलीकडे येतात ते त्या गिऱ्हाइकांचे नवरे, साडी होईस्तोवर टेकायला खुर्ची हवी म्हणून. त्यातले काही बसल्या बसल्या कंटाळले आणि लग्नाचे फोटो फ्रेमला देऊन गेले. माझ्या धंद्याचा पाया हा असा घातला गेला.

मोठ्या कॅनव्हासचं काम माझ्याकडे नंतर आलं आणि त्याने मला पार बिघडवलं. फोटोची फ्रेम म्हणजे काच, पुठ्ठा आणि चार पट्ट्या. कॅनव्हास हे शेवटी कापड. त्याच्या आत एक लाकडी चौकट असते, ती कुणाला दिसत नाही. कापड त्या चौकटीवर ताणायचं आणि कडा मागे दुमडून ठोकायच्या. ताणायला सुरुवात मधून करायची. वरच्या बाजूच्या मध्यावर एक खिळा, खाली समोर एक, मग डावीकडे एक, उजवीकडे एक. तिथून हळूहळू कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यातून सुरुवात केली तर मधे पोट सुटतं. पोट सुटण्याचं गणित मला चांगलं कळतं, पण ते कॅनव्हासपुरतंच आवरता आलं आहे.

नीट ताणलेल्या कॅनव्हासवर बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. तो ऐकायला मिळतो म्हणून मी या धंद्यात राहिलो, असं मी मुलीला सांगतो. ती म्हणते, "बाबा, दुसरं काही येत नाही म्हणून राहिलात." असू दे.

आठ फुटांच्या पुढे गेलं की लाकूड स्वतःचं डोकं चालवायला लागतं. कापड त्याला आत ओढतं आणि ते कमरेत वाकतं. म्हणून मधे आडव्या-उभ्या पट्ट्या द्याव्या लागतात. पावसाळ्यात कापड सैल पडतं, थंडीत ताणतं. त्यासाठी चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडाच्या छोट्या पाचरी ठेवतात, सैल पडलं की त्या हलकेच आत ठोकायच्या. चौकट कायम रफिकभाई करतो. हा माणूस लाकूड विकत घेताना वखारीत फळीला कान लावून उभा राहतो. एकदा मी विचारलं, "काय ऐकतोस?" तर म्हणाला, "कुछ नहीं अरुणभाई. वखारवाला घाबरतो, मग चांगली फळी काढून देतो." त्याने केलेली चौकट मात्र मी आजवर वाकलेली पाहिलेली नाही.

मोठी चित्रं विकत घेणारी माणसंही मोठी असतात, बहुतेक वेळा भिंतीच्या बाबतीत. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका बागायतदारांनी नवा बंगला बांधला आणि दिवाणखान्यासाठी बारा फुटी चित्र आणलं. खाली नदी, वर नुसतं आकाश. मी भिंत मोजायला गेलो तर साहेब म्हणाले, "वरचं आकाश जरा कमी करता येईल का?"

"आकाश?"

"फूटभरच. वर एसी बसवायचाय."

"साहेब, एसी थोडा बाजूला नाही का घेता येणार?"

"पाइप टाकून झालेत ना आतून."

मी कात्री न काढता टेप गुंडाळू लागलो. कोपऱ्यात त्यांच्या आई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता निकाल दिला. "उकडलं तर खिडकी उघड की. चांगलं भरून आलेलं आभाळ कापतोस होय?" एसी दुसऱ्या खोलीत गेला. मी त्या माउलीला मनातल्या मनात दंडवत घातला.

वणीचं प्रकरण त्याहून वेगळं. तिथल्या एका धर्मशाळेसाठी देवीचं चित्र होतं, दहा फूट उंच, अठरा हात. दरवाजे मोठे होते म्हणून फ्रेम इथेच करून उघड्या टेम्पोत उभं बांधलं. रंग ओला होता, वर पारदर्शक प्लास्टिक. नेमकी चूक तीच झाली. दिंडोरीच्या पुढे चहाला थांबलो आणि द्राक्षबागेतल्या कामावरून सुटलेल्या बायका टेम्पोभोवती जमल्या. कुणीतरी शेजारच्या घरून हळदीकुंकवाचा करंडा आणला.

"ताई, हात लावू नका, रंग कच्चा आहे."

"हात नाय लावत दादा, कुंकू लावते."

शेवटी ड्रायव्हरने पुढच्या काचेपाशी चिकटवलेला देवीचा छोटा फोटो उचकटून माझ्या हातात दिला. मग पुढच्या प्रत्येक थांब्यावर मी फोटो घेऊन खाली उतरायचो आणि कुंकू माझ्यापाशीच अडवायचो. मागची मोठी देवी सुखरूप राहिली. वणीला पोहोचलो तेव्हा माझा शर्ट इतका लालपिवळा झाला होता की धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी आधी मला हात जोडले, मग देवीला.

पण ज्या कामासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते गांगुर्डे सरांचं.

सर दुकानात आले ते साधी पँट, पायात चपला आणि नखांत निळा रंग अशा अवतारात. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सगळी नोकरी हरसूलच्या एका शाळेत. "चित्र इथे आणता येणार नाही," म्हणाले, "तुम्हालाच यावं लागेल."

इंदिरानगरात त्यांचं रो-हाऊस. दार उघडलं तेव्हा शेजारचे एक काका "जय भीम सर, आज तरी हॉलमध्ये बसायला मिळेल का?" असं विचारून गेले. कारण मला आत गेल्यावर कळलं. हॉलमध्ये बसायला जागाच नव्हती. सोफा गॅलरीत, टीव्ही स्वयंपाकघरात ओट्याखाली, आणि सबंध भिंतभर कॅनव्हास थेट खिळ्यांनी ठोकलेला. सात फूट उंच, पंधरा फूट लांब. भिंत होती बाराच फुटांची. उरलेला कॅनव्हास सरांनी कोपऱ्यातून वळवून शेजारच्या भिंतीवर, फ्रिजच्या मागून, पुढे नेला होता.

"भिंत संपली हो," सर जरा ओशाळून म्हणाले, "पण बाजार संपेना."

चित्र हरसूलच्या आठवडे बाजाराचं होतं. आणि मी, ज्याला कायम खूर आणि ढग दिसतात, त्या हॉलच्या मधे उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला चित्र दिसलं. मला ते कुणी दाखवावं लागलं नाही. वरच्या अंगाला डोंगर, त्यावर अर्धवट उतरलेलं धुकं. खाली माणसंच माणसं. सुकट विकणारी, कोंबडी काखेत धरून भाव ऐकणारा, बांगड्या भरताना तोंड वेडंवाकडं करणारी पोरगी, वजनकाट्याकडे संशयाने पाहणारा म्हातारा. एका शेळीचा कान नुसत्या दोन फटकाऱ्यांत काढलेला, आणि तो कान हलणार असं वाटत होतं. सरांनी एकही माणूस भरतीला घातला नव्हता. प्रत्येक जण खरा, त्याच्या नावागावासकट.

"हा माझा विद्यार्थी. हा त्याचा मुलगा, हाही माझाच विद्यार्थी. ही आमच्या शाळेची खिचडी शिजवणारी. मी बाजारात वही घेऊन बसायचो. मग बातमी पसरली. लोक येऊन विचारायला लागले, 'सर, मला घेतलं का?' नाही कसं म्हणणार?"

नाही म्हटलं नाही, म्हणून माणसं सरकत सरकत कडेपर्यंत आली होती. आणि इथेच माझी पंचाईत झाली. कॅनव्हास ताणायचा तर कडेला अडीच-तीन इंच कोरं कापड सोडावं लागतं, ते मागे दुमडायला. सरांनी चारही बाजूंनी शेवटच्या धाग्यापर्यंत रंगवलं होतं.

मी त्यांना नेहमीचं बोललो. "सर, कडेचं थोडं मागे जाईल. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

सर मला फ्रिजपाशी घेऊन गेले, फ्रिज बाजूला ओढला आणि डावी कड दाखवली. तिथे, बाजाराच्या अगदी टोकाला, एक म्हातारी पाय पसरून बसली होती. समोर नागलीची, म्हणजे नाचणीची, टोपली. तिची पाठ, कोपर आणि लांब केलेला पाय बरोबर कॅनव्हासच्या कडेला टेकलेले.

"ही जनाबाई. लांबच्या पाड्यावरून चालत येते. पोहोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात, म्हणून जन्मभर कडेलाच बसली. मागे एकदा बाजाराचा फोटो पेपरात छापून आला. त्यात हिचा फक्त हात आला, टोपलीवर ठेवलेला. बाई ते कात्रण सगळ्यांना दाखवायची. 'ह्यो माझाच हात हाय.' लोक हसायचे, तीही हसायची. मी तिला सांगितलं, माझ्या चित्रात तू सगळी येशील. डोक्यापासून पायापर्यंत." सरांनी फ्रिजवर हात टेकला. "आता तुम्ही तीन इंच दुमडलेत तर काय उरतं, बघा तुम्हीच."

मी बघितलं. टोपली उरत होती आणि टोपलीवरचा हात.

उजव्या कडेलाही असेच डोंगरातले लोक होते, कंद विकणारे, मोळी टेकवून उभे राहिलेले. बाजारात कडेला बसणारी सगळी माणसं चित्रातही कडेलाच होती. आणि कापड ओढायच्या माझ्या पकडीच्या तोंडात पहिल्यांदा तीच येणार होती.

"मग राहू दे चौकट," सर म्हणाले. "शाळेत नुसतं खिळ्यांवर लावू."

हरसूलचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणणार ते कळेल. तिथे श्रावणात भिंतीसुद्धा घामेजतात. सैल टांगलेलं कापड ओल धरणार, लोंबणार, रंगाला भेगा जाणार. प्लायवूडवर चिकटवावं तर प्लाय फुगणार. शाळेने नवा हॉल बांधला होता, समारंभ ठरला होता, चित्रातली माणसं स्वतःला बघायला येणार होती. सरांनी त्यांना शब्द दिलेला होता. मी "बघतो" म्हणून निघालो. आमच्या धंद्यात "बघतो" म्हणजे काय, ते गिऱ्हाइकाला ठाऊक असतं.

घरी जेवताना मी गप्प. सुनंदाला माझी बडबड आवडत नाही, पण माझं गप्प बसणं तिला अजिबात सहन होत नाही. तिने सगळं काढून घेतलं.

"एवढंच ना?" भाकरी वाढत ती म्हणाली. "साडीला फॉल लावताना आम्ही साडीचा काठ आत दुमडतो का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! काठ जिथल्या तिथे राहतो. मागून वेगळी पट्टी लागते. ओढ-ताण काय होईल ती पट्टीची होते. तुमच्या त्या चित्राला मागून फॉल लावा. दुमडायचं ते फॉलचं दुमडा."

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. चाळीस पावलांवर नाही, आठ एमएमच्या प्लायवूडपलीकडे ही बाई इतकी वर्षं हेच करत होती. मला मात्र पट्ट्या म्हटल्या की सोनेरी नक्षीच्याच आठवायच्या.

"जेवा आता," ती म्हणाली. "अक्कल गार होते."

दुसऱ्या दिवशी मी रुबाबात सरांकडे गेलो. कॅनव्हास उतरवून जमिनीवर स्वच्छ चादरींवर पालथा घातला. तशाच जातीच्या कोऱ्या कापडाच्या पट्ट्या कापल्या. चित्राच्या मागे, कडेपासून चार बोटं आतपर्यंत चिकटतील आणि चार बोटं बाहेर राहतील अशा. सुरुवात वरच्या कडेपासून केली, कारण तिथे डोंगर होते आणि डोंगर तक्रार करत नाहीत. पांढरा गोंद लावला, वर वजनाला सरांची जुनी पुस्तकं ठेवली आणि घरी येऊन सुनंदाला म्हणालो, "तुझी कल्पना बरी होती. मी तिला जरा आकार दिला."

सकाळी सरांचा फोन आला. आवाज शांत होता, त्यामुळे मी जास्त घाबरलो. "अरुणराव, डोंगराला सुरकुत्या आल्यात."

खरोखरच आल्या होत्या. पट्टी गोंदाच्या ओलीने आक्रसली होती आणि आपल्याबरोबर सरांचं आभाळ चुण्याचुण्यांनी गोळा करत होती. मी सुनंदाला फोन लावला. ती रिक्षा करून आली, गुडघे टेकून बसली, पट्टी दोन बोटांत चुरगाळून पाहिली आणि मला म्हणाली, "कोरीच लावलीत?"

"मग? धुतलेली लावायची?"

"अहो, फॉल आधी भिजवतात! भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावतात. नाहीतर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडी गोळा होते. लग्न ठरलेल्या पोरीलासुद्धा हे सांगावं लागत नाही."

सर भिंतीकडे तोंड करून खोकले. मला वाटतं, ते हसले.

गोंद अजून पुरता धरला नव्हता, म्हणून वाचलो. ओल्या फडक्याने पट्टी इंच इंच सोडवली. ते काम सुनंदाने केलं, मला तिने हात लावू दिला नाही. आभाळ वजनाखाली पुन्हा सपाट झालं. मग आमच्या गच्चीवर पट्ट्या भिजवून वाळत घातल्या, दोनदा. शेजारीण विचारून गेली, एवढी लंगोटं कुणाची म्हणून. इस्त्री झाली. यावेळी गोंद सुनंदाने लावला आणि मी पुस्तकं उचलायच्या कामावर राहिलो. सुरकुती आली नाही.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात सरांनी विचारलं, "आणि बाहेरची फ्रेम?"

सांगायला हवं, की बाहेरच्या फ्रेमला आतून एक ओठ असतो. चित्र त्या ओठामागे बसतं. तो ओठ चारही बाजूंनी पाव इंच खातो. आजवर मी लावलेल्या प्रत्येक चित्राचा पाव इंच माझ्या लाकडाखाली गेलेला आहे आणि एकाही चित्रकाराने कधी विचारलं नव्हतं.

"पाव इंचात जनाबाईचा अंगठा जातो," सर म्हणाले. विनवणी नव्हती, मोजमाप होतं.

रफिकभाई शेजारीच चौकटीच्या पट्ट्यांवर खुणा करत होता. तो पेन्सिल कानावर ठेवून म्हणाला, "तो ओठ कायको चाहिए? चित्र आत मोकळं बसव ना. जैसे ताटात भाकरी."

ताटात भाकरी. मग आम्ही तशीच फ्रेम केली. चित्राला कुठेही न शिवणारी, मागून धरणारी. लाकडाची कड बाहेर उभी आणि ती व चित्र यांच्यामध्ये चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा. नक्षी नाही, सोनेरी रंग नाही, साधं सागवान. दुकानात माझ्या मागच्या भिंतीवर नक्षीदार पट्ट्यांचे शेकडो नमुने टांगलेले आहेत, त्यांच्याकडे मी काही दिवस बघू शकलो नाही.

न्यायच्या दिवशी चित्र जाड पाइपवर गुंडाळलं, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून. लोक जपायचं म्हणून रंग आत घालून गुंडाळतात, सतरंजीसारखं, आणि मग रंग चेपून त्याला चिरा जातात. बाहेर असला की तो थोडा ताणतो, पण चेपत नाही. चौकटीचे तुकडे, फ्रेमचे तुकडे, आम्ही तिघं आणि सर, असा टेम्पो त्र्यंबकच्या रस्त्याला लागला. सुनंदा पुढे बसली. "माझा फॉल आहे, मी येणार," एवढंच तिचं म्हणणं.

शाळेच्या हॉलमध्ये चौकट जुळवली. चित्र पालथं घातलं. वर, खाली, मधले खिळे झाले. मग डावी कड. मी पकडीत पट्टी धरली. त्या पट्टीच्या पलीकडे, जमिनीकडे तोंड करून, जनाबाई होती. पट्टी सुटली असती तर नुसती सुटली नसती, सोबत तिच्या पाठीचा रंग घेऊन गेली असती. मी थांबलो.

"ओढा हो," सुनंदा म्हणाली. "नऊवारी नेसून बायका शेतात राबतात, फॉल सुटतो का?"

"नऊवारीला फॉल नसतो," मी म्हणालो.

"ओढा!"

मी ओढलं. लाकूड करकरलं. पट्टी हलली नाही. मग मी ओढत गेलो, रफिकभाई ठोकत गेला, कोपऱ्यापर्यंत. चित्र उभं केलं, फ्रेममध्ये बसवलं. सरांनी पुढे होऊन बाजाराच्या मधोमध, शेळीच्या पोटाशी, हलकी टिचकी मारली. आवाज सबंध हॉलभर फिरला. सर चष्मा काढून पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

समारंभाच्या दिवशी भाषणं कुणी ऐकली नाहीत. पडदा सरकताच लोक चित्रावर धावले. "अय, हा बघ तू, तंबाखू मळतोय!" "माझी कोंबडी हाय ही, मी वळखली!" एका गड्याने सरांना जाब विचारला, की त्याला नेमका उधारी मागतानाच का काढलं. त्याच्या शेजारचा म्हणाला, "नाय तर वळखला नसता तुला कुणी." पोरं मोठ्यांच्या पायांतून घुसून आपापल्या आज्या शोधत होती. चित्रातल्या, आता दिवंगत झालेल्या एका सासूसमोर तिची सून पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि मग आपणच हसत सुटली. मी एका खांबापाशी उभा होतो, चित्रापासून दहा पावलं मागे, मान तिरकी करून. मला माझंच नवल वाटत होतं.

सगळा हॉल चित्र पुढून बघत होता. फक्त आमची ही, भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, मागून बघत होती.

"काय बघतेस?"

"चुणी आहे का बघते."

"आहे?"

"नाही," ती म्हणाली, आणि असं म्हणाली की मला तिचा हेवा वाटला.

जनाबाई उशिरा आली. चालत आली होती. लोकांनी तिला मधे वाट करून दिली, पण ती मधे गेलीच नाही. तिला तिची जागा माहीत होती. सरळ डाव्या टोकाला गेली आणि उभी राहिली. चित्रातलं तिचं तोंड आणि बाहेरचं तोंड जवळपास एकाच पातळीवर आलं. आधी तिने स्वतःचं तोंड पाहिलं. मग नजर खांद्यावरून, कोपरावरून, लुगड्यावरून खाली खाली नेली, पायाच्या अंगठ्यापर्यंत. तिथे बराच वेळ थांबली. सर तिच्या मागे उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"सर," ती म्हणाली, "टोपलीत नागली लय कमी दाखवली."

"दुपार झाली होती जनाबाई. विकली गेली होती."

"हां. मग बरोबर हाय."

मग तिने हात पुढे केला. चित्राला लावला नाही. चित्र आणि लाकूड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत एक बोट घातलं आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं.

"ही फट कशापायी ठेवली?" तिने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी खांबापासून पुढे आलो. "आजी, लाकूड तुमच्या अंगावर यायला नको म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या फटीकडे, मग चित्रात मधोमध दाटलेल्या गर्दीकडे.

"लय बेस केलं," ती म्हणाली. "बाजार उठला का मी हितनं निघून जाईन घरला. ते मधले बसू दे अडकून."